साथीला बसण्यापूर्वी : ओपन सोर्स ध्वनी-सॉफ्टवेअरच्या उमेदवारांना सूचना

अभिनंदन! आवाजाचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि तेही फुकट वाटायला, असं तुम्ही ठरवलंत. घरच्यांना अजून सांगितलं नसेल तर इतक्यात सांगू नका. त्यांचे दोनच प्रश्न असतात : ‘पैसे किती मिळतात?’ आणि ‘मग आवाज का येत नाही?’ पहिल्याचं उत्तर एका शब्दात होतं. दुसऱ्यासाठी ही मार्गदर्शिका.

पात्रता

गणित यायला हवं का? थोडंसं. सी प्लस प्लस? ती शिकत राहाल, निवृत्तीपर्यंत. गाणं? न आलेलंच बरं, गाणाऱ्याला मध्येच गावंसं वाटतं. खरी पात्रता एकच : कुठल्या तरी चालू सॉफ्टवेअरचा मनापासून राग आलेला असणे.

पॉल डेव्हिस यांचं उदाहरण घ्या. ॲमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांनी लिनक्सवर चालणारा रेकॉर्डिंग स्टुडिओ लिहायला घेतला, तो ‘आर्डर’. लिहिता लिहिता लक्षात आलं की, एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्या प्रोग्रॅमला वेळेवर पोचवायची सोयच धड नाही. मग आर्डरच्याच पोटातून ‘जॅक’ निघालं. घर बांधायला निघालेल्या माणसानं आधी गावाचा रस्ता बांधून दिला. पंचवीस वर्षं होऊन गेली, घराचं काम अजून चालू आहे. या छंदाला किती दिवस लागतात, ते यावरून ओळखा.

धडा पहिला : नाव ठेवणे

कोडची एक ओळही लिहिण्याआधी नाव ठेवावं. या क्षेत्रात नाव असं ठेवतात की अर्थ विचारणाऱ्याला पश्चात्ताप व्हावा. जॅक म्हणजे ‘जॅक ऑडिओ कनेक्शन किट’. त्यातल्या जॅकचा अर्थ काय? जॅक ऑडिओ कनेक्शन किट. त्यातल्या? सोडून द्या.

‘लेम’ची कथा याहून सरस. १९९८ साली ते दुसऱ्याच एका एमपीथ्री एन्कोडरच्या कोडवर मारलेलं ठिगळ होतं, म्हणून नाव ठेवलं ‘लेम हा एमपीथ्री एन्कोडर नव्हे’. पुढे एकेक करत मूळ कापड सगळं गेलं, ठिगळच उरलं आणि त्याचाच जगातला एक उत्तम एमपीथ्री एन्कोडर झाला. नाव बदललं नाही. विनयाचं इतकं टिकाऊ प्रदर्शन दुसरीकडे सापडणार नाही.

धडा दुसरा : शिधा आणि ताट

ओपन सोर्स म्हणजे सगळं फुकट, हा समज आधी काढून टाका. आर्डरचा कोड कुणीही न्यावा, वाचावा, बदलावा. तयार, बसवता येईल असा प्रोग्रॅम मात्र त्यांच्याकडून हवा असेल तर ते पैसे मागतात. शिधा फुकट, ताट विकत. अगदी रास्त आहे.

तुम्ही अर्थातच शिधा आणाल. मग शिजवायला बसल्यावर कळेल की या डाळीला अमुकच विहिरीचं पाणी लागतं आणि त्या विहिरीची दोरी गेल्या वर्षीच्या आवृत्तीत बदलली आहे. पहिला शनिवार-रविवार कोड बांधून घेण्यातच जातो. पडद्यावर लाल ओळी धावत असताना स्वतःला मूर्ख समजू नये. सगळ्यांच्याच पडद्यावर धावतात. जुनी माणसं फक्त शेवटची ओळ न बघता पहिली लाल ओळ बघतात. एवढंच काय ते ज्येष्ठत्व.

धडा तिसरा : घरातली माणसं ओळखा

लिनक्सवर आवाज काढायचा म्हणजे एकत्र कुटुंबात चहा मागण्यासारखं आहे. कुणाकडे मागायचा, हे आधी ठाऊक पाहिजे. माजघरात ‘अल्सा’ बसलेली असते. १९९८ पासूनचं हे घरातलं जुनं माणूस, साउंड कार्डाशी थेट बोलतं. २००४ मध्ये लेनार्ट पोएटरिंग यांचं ‘पल्सऑडिओ’ आलं. एकाच वेळी गाणंही वाजावं आणि मेल आल्याची टिंगही ऐकू यावी, ही त्याची जबाबदारी. ‘जॅक’ हे संगीतवाल्यांचं, वेळेचं फार काटेकोर, त्यामुळे बाकीच्यांशी जरा फटकूनच. वर्षानुवर्षं एका पंगतीला पल्सऑडिओ बसलं की जॅक उठायचं.

मग विम टायमन्स यांचं ‘पाईपवायर’ आलं. ते आलं होतं खरं म्हणजे व्हिडिओच्या कामासाठी. पण आल्यासारखं ऑडिओचंही बघून जा म्हणता म्हणता पाहुण्यानं किल्ल्याच ताब्यात घेतल्या. २०२१ मध्ये ‘फेडोरा ३४’ या लिनक्सच्या अवतारानं आवाजाचा सगळा कारभार त्याच्याकडे सोपवला. आता पल्सऑडिओच्या नावानं हाक मारली तरी ओ तेच देतं, जॅकच्या नावानं मारली तरी तेच. नवशिक्यानं एवढं लक्षात ठेवावं : आवाज आला नाही तर कोणाचा तरी दोष असतो, आणि तो बहुधा म्यूट बटणाचा असतो.

धडा चौथा : पहिला आवाज

पहिला प्रोग्रॅम सगळ्यांचा सारखाच असतो : सेकंदाला ४४० कंपनांचा एक साधा, सरळ, कंटाळवाणा स्वर. चालवण्याआधी हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवा आणि आवाज सगळ्यात खाली आणा. ही सूचना तुम्ही पाळणार नाही, हे माहीत असूनही लिहितो आहे.

प्रस्तुत लेखकानंही ती पाळली नव्हती. आवाजाचे आकडे दोन तऱ्हांनी लिहितात. एका तऱ्हेत ते उणे ३२,७६८ ते ३२,७६७ असतात, दुसरीत उणे १ ते १. मी पहिल्या तऱ्हेचे आकडे दुसऱ्या तऱ्हेच्या भांड्यात ओतले. जिथे जास्तीत जास्त एक मावतो तिथे बत्तीस हजार. लाटेचे सगळे शेंडे आणि सगळे पाय एकदम छाटले गेले आणि स्पीकरमधून जे बाहेर पडलं, ते ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. “मिक्सरचं भांडं अडकलंय का हो?” त्यांचं निदान तांत्रिकदृष्ट्या फारसं चुकलं नव्हतं.

गृहपाठ : काकूंना साखर द्या.

धडा पाचवा : आकड्यांचं गोत्र

सीडीवरच्या आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. याला सॅम्पल रेट म्हणतात. हा आकडा कुठल्या पंचांगातून निघाला? व्हिडिओ टेपमधून. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने बसत. अमेरिकी पद्धतीत २४५ ओळी आणि सेकंदाला ६० पडदे, युरोपीय पद्धतीत २९४ ओळी आणि ५० पडदे. दोन्हीकडे गुणाकार करून पाहा, उत्तर ४४,१००. कुंडली जुळली, लग्न लागलं.

व्हिडिओवाल्यांनी पुढे स्वतःसाठी मात्र ४८,००० धरले, आणि तेव्हापासून या दोन घराण्यांतला गोंधळ निस्तरण्यात ध्वनी-प्रोग्रामरांच्या पिढ्या खपल्या. ४४,१०० चं रेकॉर्डिंग न बदलता ४८,००० च्या चालीनं वाजवलं, तर साठ मिनिटांचा ख्याल पंचावन्न मिनिटांत आटोपतो. काही श्रोत्यांना हे सोयीचं वाटेल. पण काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा सा थेट पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. तिथे पेटीला पट्टीच नाही. कुठल्याही रेकॉर्डिंगला पेटी लागेना झाली, तर आधी बुवांवर नको, सॅम्पल रेटवर संशय घ्या.

धडा सहावा : सम

आता मन लावून वाचा. या मार्गदर्शिकेत एकच गंभीर गोष्ट आहे, ती इथे आहे.

साउंड कार्ड तुमच्याकडे आवाज सुटा मागत नाही, घमेल्यानं मागतं. या घमेल्याला बफर म्हणतात. समजा, घमेल्यात २५६ नमुने मावतात आणि चाल आहे ४८,०००. म्हणजे दर ५.३ मिलिसेकंदांनी तुमच्या फंक्शनला हाक येते : भर. एक पापणी लवेपर्यंत अशा वीसेक हाका होतात. प्रत्येक हाकेला घमेलं भरलेलंच पाहिजे. अर्धं चालत नाही, ‘आलोच’ चालत नाही. एकदा जरी चुकलं तरी ऐकणाऱ्याला ‘टक्’ ऐकू येतं. या टक्ला जाणकार ‘एक्सरन’ म्हणतात. बाकीचे ‘तुमचं सॉफ्टवेअर बंडल आहे’ म्हणतात.

तबलजीचंही नेमकं हेच. त्यानं वाटेत कितीही सुंदर तुकडा वाजवला आणि समेवर जरासा उशिरा आला, तर तुकड्याचं कौतुक कुणी करत नाही. बरोबर उत्तर उशिरा आलं की ते चुकीचं उत्तर. म्हणून त्या फंक्शनात काही गोष्टींना सक्त मनाई आहे : नवी मेमरी मागू नये, फाईल उघडू नये, पडद्यावर काही छापू नये, दुसऱ्या कुणाच्या कुलपासाठी थांबू नये. ही कामं वाईट नाहीत. त्यांना किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही, एवढंच. एरवी क्षणात होतील, आणि नेमकी मैफलीत तीस मिलिसेकंद घेतील. तुकडा बांधायला तबलजी भर मैफलीत उठून वही शोधत नाही. रॉस बेंचिना यांनी २०११ मध्ये नवशिक्यांसाठी या नियमांवर एक लेख लिहिला. काळ कशासाठीही थांबत नाही, असा त्याच्या मथळ्याचा भाव. या धंद्यातला बहुतेक प्रत्येक जण तो वाचतो, आणि बहुतेक प्रत्येक जण आधी एकदा चूक करून मग वाचतो.

मग फाईल वाचायची कुणी? दुसऱ्या थ्रेडनं. पंगतीतला पाहुणा भातासाठी उठून चुलीपाशी जात नाही. वाढप्यानं पान रिकामं व्हायच्या आत वाढून ठेवायचं असतं.

‘मग घमेलंच मोठं घेऊ’ असा हुशार विचार तुमच्या मनात आला असेल. घ्या की. २,०४८ नमुन्यांचं घ्या. टक्टक् थांबेल, पण आवाज सुमारे ४३ मिलिसेकंद उशिरा येईल. हवेत आवाज एका मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, त्या हिशेबानं तुम्ही तबलजीला गायकाच्या शेजारून उठवून साडेचौदा मीटर लांब, हॉलच्या दाराशी, चपलांपाशी नेऊन बसवलंत. तो तिथून मान डोलवेल, साथ करू शकणार नाही.

धडा सातवा : शांततेची किंमत

प्रोग्रॅम मन लावून वाजत असतो तेव्हा प्रोसेसर थंड. गाणं संपतं, सभागृहाचा घुमारा विरत जातो, सगळं शांत होतं आणि अचानक पंखा भणभणायला लागतो. नवशिक्याला वाटतं भुताटकी आहे.

घुमारा विरतो म्हणजे आकडा दर फेरीला थोडा लहान होत जातो, शून्य मात्र होत नाही. दशांशचिन्हानंतर सदतीस-अडतीस शून्यांच्या पलीकडे तो इतका बारीक होतो की बऱ्याच प्रोसेसरांना तो नेहमीच्या वाटेनं मोजता येत नाही. ते आडवाटेला लागतात आणि दमतात. कुणालाही ऐकू न येणारी गोष्ट सांभाळण्यात सगळी शक्ती खर्च. उपाय सोपा आहे : इतक्या लहान आकड्याला सरळ शून्य म्हणा, अशी प्रोसेसरला एका ओळीत ताकीद देता येते. हा उपाय घरगुती भांडणांतही करून पाहण्यासारखा आहे.

धडा आठवा : तंबोरा करून पाहा

हात बसायला एक छोटं काम देतो. १९८३ साली केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी तार छेडल्याचा आवाज काढायची एक युक्ती प्रसिद्ध केली. दहा-बारा ओळींत मावते. काळी एकचा खालचा सा १३८.६ कंपनांचा. ४४,१०० ला त्यानं भागा : ३१८.२. म्हणून ३१८ खणांची एक रांग करा आणि प्रत्येक खणात मनाला येईल तो आकडा टाका. हा शुद्ध कचरा. आता पहिल्या खणातला आकडा वाजवा, त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची सरासरी काढून रांगेच्या शेवटी ठेवा, आणि हेच करत राहा. सुरुवातीचा खरखराट शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सरासरी काढता काढता निवळत जातो आणि दोन-तीन क्षणांत खोलीत तार वाजते. कचऱ्यातून स्वर निघताना पहिल्यांदा ऐकाल, तेव्हा जेवण गार होईल.

दुसऱ्या दिवशी दोष दिसतील. खण ३१८ करता येतात, ३१८.२ कुठून आणणार? खर्जात ते खपतं. वरच्या सप्तकात खणच थोडे, त्यामुळे तेवढीच चूक मोठी होते आणि कानाला टोचते. मग दोन खणांच्या मधली किंमत काढायचं गणित शिकावं लागतं.

तिसऱ्या दिवशी कळेल की ही तार गिटारची आहे, तंबोऱ्याची नाही. तंबोऱ्याची घोडी किंचित गोलसर असते. कंपणारी तार तिला सतत हलकेच घासते आणि त्यातून वरचे स्वर उमलत राहतात. ती जवारी. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की सगळा रंग पालटतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराची रीत लक्षात घ्या : घोडीला कानस लावायची, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा कानस, पुन्हा ऐकायचं. तुमचंही काम हेच आहे. फक्त कानशीच्या जागी एक आकडा असतो. आकडा बदलला आणि ऐकलं नाही, तर तुम्ही लाकूड तासताय.

धडा नववा : बोलावं कसं

आता माणसांशी गाठ. ‘आवाज येत नाही’ ही तक्रार नव्हे. ते डॉक्टरकडे जाऊन ‘कसंतरीच होतंय’ म्हणणं झालं. कुठली आवृत्ती, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, कुठलं साउंड कार्ड, सॅम्पल रेट किती, बफर केवढा, काय केल्यावर होतं, दर वेळी होतं की अधूनमधून, हे लिहा. जमलं तर बिघडलेला आवाज रेकॉर्ड करून जोडा. ‘कालपर्यंत चालत होतं’ हे वाक्य लिहायचं असेल तर काल आणि आजच्या मध्ये तुम्ही काय बदललंत तेही लिहा. ‘काहीच नाही’ असं लिहू नये. त्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही.

पॅच म्हणजे कोडमधली दुरुस्ती. ती पाठवताना एका वेळी एकच पाठवा. मी एका प्रकल्पाला पहिला पॅच पाठवला तेव्हा एका ओळीची चूक सुधारली आणि हात लागलाच आहे तर त्यांच्या सगळ्या फाईलींतली मोकळी जागाही नीट करून दिली. चारशे ओळी बदलल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : ‘आभारी आहे. यातली कुठली ओळ वाचू?’ दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांचं कपाट आवरू नये, हे आईनं सांगितलं होतं. सी प्लस प्लसच्या पुस्तकात ते नव्हतं.

समोरचा माणूस पगारावर असेलच असं नाही. दिवसभराची नोकरी आटोपून, मुलं झोपल्यावर तो तुमची टक्टक् पुन्हा पुन्हा ऐकत बसलेला असतो.

धडा दहावा : चार-पाच चमचे चहा

इथवर येऊन ज्यांना वाटलं की हे आपलं काम नव्हे, त्यांच्यासाठी हा धडा. या धड्याचं नाव मोठ्यानं म्हणा. ‘चार’मधला च वेगळा, ‘पाच’मधला वेगळा. ‘चमचे’ या एका शब्दात दोन्ही, आणि ‘चहा’त पुन्हा पहिला. चार म्हणजे आकडा, चारा म्हणजे गुरांचं खाणं. एका कान्यानं च बदलतो. आपण हे न शिकता बोलतो. लिहिताना मात्र एकाच अक्षरात दोघांना कोंबतो आणि पुढचं वाचणाऱ्यावर सोपवतो.

वाचणारं यंत्र असलं म्हणजे? ‘ईस्पीक-एनजी’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मजकूर बोलून दाखवतं. ज्यांना दिसत नाही अशी कितीतरी माणसं त्याच्या आवाजावर संगणक चालवतात. त्यात मराठीही आहे. मराठीसाठी एक फाईल नियमांची, एक शब्दांच्या यादीची. दोन्ही साधा मजकूर. तिथे घमेल्याच्या हाका नाहीत, कुलपं नाहीत, आडवाटेला लागणारा प्रोसेसर नाही. लागतो तो कान. बर्लिनमधल्या कितीही मोठ्या प्रोग्रामरला चारा आणि चार यांतला फरक ऐकू येणार नाही. तुमच्या आजीला येतो. आजीला शेजारी बसवा, यंत्राला वाचायला लावा. ती जिथे तोंड वाकडं करेल तो शब्द टिपून घ्या. झाला तुमचा पहिला बग रिपोर्ट.

मग एक ओळ लिहा, पाठवा, वाट पाहा. कुणीतरी ती वाचेल, एखादी शंका काढेल, आणि एखाद्या मंगळवारी ती आत जाईल. समारंभ होणार नाही. पुढच्या आवृत्तीत कुठल्यातरी गावात कुणीतरी स्क्रीनकडे न बघता पाककृती ऐकत असेल. यंत्र म्हणेल, चार-पाच चमचे चहा. त्या माणसाला त्यात काहीच खटकणार नाही, तुमचं नावही त्याला ठाऊक नसेल. तो उठून आधण ठेवेल.

साथ जमली की अशीच जमते.